कृष्णधवल हौस

भंगारवाल्यानं डबा तराजूत ठेवला होता. आमची वाशीची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची, म्हणून चाळीस-पंचेचाळीस वर्षांची अडगळ माळ्यावरून खाली उतरत होती. तीत हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. झाकणाला गंज चढलेला, आत जुन्या कागदांत गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. "काका, एक्स-रेसारखी यातून चांदी निघते. पत्र्याचे वेगळे, याचे वेगळे देतो," तो म्हणाला. व्यवहार होऊनही गेला असता. पण नातीनं सहज एक पट्टी उचलून खिडकीकडे धरली आणि विचारलं, "आबा, हे फूल काळं आणि मागचं कापड पांढरं कसं?"

तिचा जन्म मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यानंतरचा. निगेटिव्ह नावाची चीज तिनं कधी पाहिलीच नव्हती. फूल पांढरं होतं, मोगऱ्याचं. कापड काळं होतं. निगेटिव्हवर सारं उलटं उमटतं, हे तिला समजावून सांगता सांगता डबा तराजूतून पुन्हा घरात आला. आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत त्या या डब्याच्या निमित्तानं.

आधीच सांगतो, मी कुणी नामवंत छायाचित्रकार नाही. बँकेत नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी फोटो काढले. सहलीला गेलो की डोंगर, किल्ले, लेणी. घरी असलो की गॅलरीतल्या कुंड्या. बक्षिसं नाहीत, प्रदर्शनं नाहीत. निव्वळ हौस. पण या हौसेला मुंबईत एकशे सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो पाहिला की आपल्या माळ्यावरच्या डब्याकडे पाहण्याची नजर बदलते.

'हौशी' हा शब्द आपण जरा खालच्या सुरात वापरतो. हौशी नाटक मंडळी, हौशी गवई. म्हणजे जमेल तेवढं करणारा, फारशी अपेक्षा ठेवू नये असा. पण मुंबईत छायाचित्रण रुजलं ते हौशी मंडळींच्याच हातून. छायाचित्रणाची कला युरोपात जाहीर झाली १८३९ साली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या अशा संस्था त्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या. मुंबईच्या सोसायटीत लष्करी अधिकारी होते, सरकारी नोकर होते, डॉक्टर होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या कार्यकारिणीत होते. दिवसा रोगी तपासायचे आणि फुरसतीच्या वेळी काचेवर चित्र धरायचं, असा त्यांचा शिरस्ता असणार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गात शिकले आणि पुढे मुंबईतले सुरुवातीचे भारतीय व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले.

१८५६ पासून १८५८ पर्यंत विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी मुंबईत एक मासिक आल्बम चालवला. अंकात छापलेली चित्रं नसत. प्रत्यक्ष कागदावर काढलेले तीन फोटो आणि सोबत त्यांची माहिती असे. या आल्बमच्या नावातच 'ॲमेच्युअर' हा शब्द होता. म्हणजे 'हौशी'! त्या नावात कमीपणा कुणाला वाटला नव्हता. उलट ती अभिमानाची गोष्ट होती. त्या पानांवर मुंबईतले वेगवेगळ्या जातीजमातींचे लोक आहेत, इमारती आहेत, देवळं आहेत. दीडशे वर्षांपूर्वीची पागोटी कशी बांधत, लुगडी कशी नेसत, हे अभ्यासकांना आज अशा चित्रांवरून कळतं. काढणाऱ्यांच्या मनात तेव्हा पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासाचा विचार कितीसा असेल?

ती हौस सोपी मात्र नव्हती. १८५१ मध्ये कोलोडियनची ओली काच वापरण्याची रीत निघाली होती. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. आपल्या उन्हाळ्यात तर हे सगळं काही मिनिटांत उरकावं लागे. म्हणजे प्रवासाला निघालं की कॅमेरा, तिपाई, काचा, बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू एवढं लटांबर बैलगाडीत घालून न्यायचं. आज खिशातला फोन काढून आपण क्षणात फोटो घेतो, तेव्हा त्या तंबूची आठवण ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडचं प्रवासी छायाचित्रणाचं जुनं आणि जरा चटका लावणारं उदाहरण अजिंठ्याचं आहे. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्यातल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारनं नेमला. वर्षानुवर्षं त्यानं मोठाल्या कापडांवर तैलरंगांत त्या नकला केल्या. लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथं आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. गिलनं मधल्या काळात कॅमेराही हाताळायला घेतला होता. लेणी, देवळं, आसपासचा मुलूख यांचे फोटो त्यानं काढले आणि १८६४ मध्ये ते पुस्तकरूपानं निघाले. ज्या कामासाठी त्याला पगार मिळत होता त्यातलं बरंचसं आगीत गेलं आणि बाजूला चाललेलं फोटोंचं काम उरलं. १८७९ मध्ये तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

आता बागेकडे वळतो. फोटो म्हटला की आपल्याला माणसाचा चेहरा आठवतो, पण या कलेचा अगदी सुरुवातीचा विषय होता झाडाचं पान. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट यांनी कागदाला चांदीचे क्षार लावले, त्यावर पान किंवा फुलाची डहाळी ठेवली आणि कागद उन्हात धरला. पानाखालचा भाग पांढरा राहिला, बाकीचा काळवंडला. १८४३ मध्ये ॲना ॲटकिन्स या बाईंनी निळ्या छापाच्या पद्धतीनं समुद्री शेवाळांची चित्रं काढून पुस्तकाचा पहिला भाग तयार केला. कारण साधं आहे. त्या काळी एका चित्राला बराच वेळ लागे आणि पान हलत नाही, कुरकुरत नाही, 'झालं का?' म्हणून विचारत नाही.

आपल्याकडे या पानफुलांच्या नादातून केवढी मोठी गोष्ट उभी राहिली ते पाहा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी तिथलीच. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढून पाहिला, पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरीही केली. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परत आले. चित्रपट काढायचा होता, पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोखून ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चौकट टिपत रोपाची वाढ पकडली. 'अंकुराची वाढ' असं त्या छोट्याशा चित्रपटाचं नाव. पडद्यावर बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते, हे एखाद-दुसऱ्या मिनिटात पाहून लोक चकित झाले आणि फाळक्यांना पैसा उभा करता आला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. भारतीय चित्रपटसृष्टीच्या मुळाशी एक कुंडी आहे, असं मी गमतीनं म्हणतो, पण त्यात खोटं फारसं नाही.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, ही कामं त्या करत आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पडद्यावर त्या दिसत नाहीत. त्यांनी धरलेल्या चादरीचा उजेड तेवढा दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पडतो. ही चादर जरा ध्यानात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

मधल्या काळात कॅमेरा हलका होत गेला. १८८८ मध्ये कोडॅकनं फिल्मचं रीळ घातलेला कॅमेरा बाजारात आणला आणि १९०० मध्ये एका डॉलरचा 'ब्राउनी' आला. तंबू गेला, काचा गेल्या. सहलीचे फोटो ही सर्वसाधारण घरांतली गोष्ट होण्याच्या मार्गाला लागली. १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली. हौशी मंडळींना पुन्हा हक्काची बैठक मिळाली. जे. जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचे वर्तमानपत्रात छापून आलेले सुरुवातीचे फोटो कशाचे होते? बायकांच्या एका मंडळाच्या सहलीचे. 'बॉम्बे क्रॉनिकल'नं ते छापले. तिथून त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. स्वातंत्र्याचा सोहळा त्यांनी टिपला तो कृष्णधवलच. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. २०१२ मध्ये त्या गेल्या. अखेरची वर्षं त्यांनी बडोद्यात एकट्यानं, आपली बाग सांभाळत काढली.

बडोद्याचा आणि माझाही संबंध आहे. माझा पहिला कॅमेरा तिथलाच. 'आग्फा क्लिक थ्री'. माझ्या वयाच्या अनेकांच्या तोंडावर आत्ता हसू आलं असेल! बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं तो बनवला होता. काळा डबा, एकशेवीस नंबरचं रीळ, त्यात बारा चौरस फोटो. ऊन आहे की ढग, एवढंच आपण ठरवायचं. बाकी सारं देवावर. बारा फोटो म्हणजे बाराच. त्यामुळे 'ह्याचा काढू का?' हा प्रश्न मनाला दहादा विचारूनच बटण दाबलं जाई. फिल्म 'इंदू' असली तर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. १९६० साली निघालेली ही सरकारी कंपनी, उत्पादन १९६७ पासून. परदेशी रीळ मिळालं तर ते लग्नकार्यासाठी जपून ठेवायचं.

१९७८ मध्ये लग्न झालं आणि आम्ही वाशीला सिडकोच्या वसाहतीत राहायला आलो. नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं. मुंबईला जुळं शहर हवं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' मासिकात मांडली होती. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाला. पण रेल्वे वाशीला पोहोचायला १९९२ चा मे महिना उजाडावा लागला. आम्ही आलो तेव्हा सारी भिस्त बसवर. संध्याकाळी पुलावरून बस येताना खाडीचा वारा तोंडावर बसे आणि दोन्ही बाजूंना खारफुटी. घराच्या गॅलरीतून मिठागरं दिसत, पलीकडे भातखाचरं, त्याच्याही पलीकडे पारसिकचा डोंगर. आणि मधे जिकडेतिकडे विटांचे ढीग, खडी, अर्ध्यावर आलेले खांब.

तिनं आल्या आल्या गॅलरीत कुंड्या मांडल्या. मोगरा, अनंत, जास्वंद, तगर, तुळस आणि पावसाळ्यात रात्री उमलणारं ब्रह्मकमळ. बाग तिची, फोटो माझे, अशी वाटणी आपोआप झाली.

क्लिक थ्रीमधून फुलाचा जवळून फोटो येत नसे. म्हणून चार बोनस साठवून बोरा बाजारातून एक जुना दोन भिंगांचा याशिका घेतला. वरच्या भिंगातून आपण पाहायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. अंधारी खोली म्हणजे आमचं न्हाणीघर. रात्री सगळे झोपले की दाराच्या फटीला गोधडी लावायची, बादलीवर पाट, पाटावर तीन ट्रे. एकात डेव्हलपर, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात हायपो. लाल दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर हळूहळू पान उमटायला लागलं की छातीत धडधड होई. पुस्तकात डेव्हलपरचं तापमान वीस अंश लिहिलेलं. वाशीच्या मे महिन्यात नळाचं पाणीच तीसच्या वर. मग बर्फाचे खडे पिशवीत घालून डब्याभोवती ठेवायचे. कागद शेवटी वाहत्या पाण्यात तासभर धुवायचा, नाहीतर उरलेला हायपो काही वर्षांनी चित्र पिवळं पाडतो. नळाला पाणी ठरल्या वेळी येई आणि ती वेळ कपड्यांची असे. त्यावरून घरात काय संवाद झडत ते सांगत नाही!

काळ्यापांढऱ्यात बागेचा फोटो काढणं ही मोठी शाळा होती. लाल जास्वंद डोळ्यांना उठून दिसते, पण फिल्मला तो लाल आणि पानाचा हिरवा साधारण एकाच राखाडी रंगाचे वाटतात. फूल पानात हरवून जातं. खाडीवर येणारे गुलाबी रोहित पक्षीसुद्धा कृष्णधवल फोटोत बगळ्यासारखेच दिसतात. मग रंग विसरून उजेड पाहायला शिकावं लागतं. सकाळचा तिरपा, ढगाळ दिवसाचा मऊ. पाकळीच्या शिरा, पानाची लव, कुंडीच्या मातीचा खडबडीतपणा यांकडे लक्ष जातं.

आणि पार्श्वभूमी स्वच्छ हवी, हा तेव्हा आमच्या हौसेचा मंत्र. पुस्तकं तेच सांगत, जाणकार तेच सांगत. आमच्या गॅलरीमागे तर विटा आणि खडी. त्यावर मी उपाय काढला होता. कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी काळं कापड लावायचं. खाडीच्या वाऱ्यानं ते फडफडे, म्हणून ती कुंडीमागे उकिडवी बसून कापडाची खालची टोकं ताणून धरी. मी म्हणायचो, "हलू नकोस." ती म्हणायची, "मी नाही हलत, वारा हलतो. लवकर आटपा, दूध उतू जाईल."

सहलींचंही तेच. पनवेलहून बसनं कर्नाळा, लाँचनं घारापुरी, एकदा उरण. अंगठ्यासारखा कर्नाळ्याचा सुळका, घारापुरीची त्रिमूर्ती. माणसं चौकटीतून बाजूला करायची, तारेचे खांब टाळायचे. फोटो देखणा यायला हवा ना! बारा फोटोंत घरच्या माणसांवर कितीसे खर्च करणार? त्यांचे पुढे कधीही काढता येतील, असं वाटायचं.

मग रंगीत फोटो स्वस्त झाले. ऐंशीच्या दशकात नाक्यानाक्यावर कलर लॅब निघाल्या. न्हाणीघरातले ट्रे रॉकेलच्या स्टोव्हसोबत माळ्यावर गेले. पुढे डिजिटल आलं. उटीचा कारखाना आजारी पडला आणि बंद झाला. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. गंमत म्हणजे आमचे ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आता तांबूस पडलेत, चेहरे विरळ झालेत. रंगीत चित्र रंगद्रव्यांचं असतं, ती विटतात. कृष्णधवल चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. नीट धुतलेलं असेल तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. भंगारवाल्याला जी चांदी हवी होती, तीच.

आता पुन्हा त्या डब्याकडे. नातीनं एक युक्ती केली. एका फोनचा पडदा पांढरा करून त्यावर निगेटिव्ह ठेवली, दुसऱ्या फोननं तिचा फोटो घेतला आणि काळ्याचं पांढरं करून दाखवलं. न्हाणीघर नको, हायपो नको. एकेक चित्र उलगडत गेलं. आणि माझ्या ध्यानात आलं की मी इतकी वर्षं ज्या गोष्टी चौकटीबाहेर घालवायला धडपडलो, त्याच आता पाहण्याजोग्या आहेत.

एका फोटोत वाऱ्यानं कापड बाजूला उडालं होतं. तेव्हा मी तो 'वाया गेला' म्हणून टाकून दिला होता. तगरीच्या फुलामागे, जरा धूसर, मिठागरांचे चौकोन आणि भातखाचरांचे बांध दिसतात. आमच्याकडे तीस-पस्तीस वर्षं मासळी घेऊन येणाऱ्या मावशी त्या वेळी दारात होत्या. नातीनं त्यांना फोन दाखवला. त्यांनी टोपली खाली ठेवली, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "भाऊ, हा तर आमचा बांध!" फूल त्यांनी पाहिलंच नाही. या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली. ज्यांची शेतं गेली त्यांच्या घरी त्या शेताचा एखादा फोटो असेलच असं नाही. मावशींनी प्रत मागितली, मी करून दिली. पैसे विचारले, मी घेतले नाहीत. तर दुसऱ्या दिवशी दोन पापलेटं जास्त!

उरणच्या सहलीचा एक फोटो आहे. बस वाटेत थांबली होती, तेव्हा सहज काढलेला. त्यात उलव्याची टेकडी आहे. ती टेकडी विमानतळासाठी कापून सपाट केली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. विमानतळ हवाच होता, मीही त्यावरून प्रवास करीन. पण तिथं टेकडी होती हे माझ्या नातीला सांगून पटलं नसतं, ते फोटोनं पटलं.

आणि मोगऱ्याचा तो फोटो. त्याची प्रत आमच्या बैठकीच्या खोलीत वर्षानुवर्षं होती. काळ्या कापडावर पांढरं फूल, दुसरं काही नाही. पण निगेटिव्हवर खालच्या कडेला आणखी काहीतरी आहे. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात हा दोष असतोच. आपण वरच्या भिंगातून पाहतो आणि फोटो खालच्या भिंगातून निघतो, त्यामुळे जवळची वस्तू टिपताना आपल्याला दिसतं त्यापेक्षा चौकट थोडी खाली सरकते. तर त्या खाली सरकलेल्या चौकटीत कापडाचं टोक घट्ट धरलेली तिची बोटं आली आहेत. दोन बांगड्या, आणि मनगटाला लागलेली कुंडीतली ओली माती. छापताना मी ती 'चूक' म्हणून कापून टाकली होती. अशा सात निगेटिव्ह निघाल्या. एकीत ती कापडाच्या कडेवरून डोकावते आहे. बहुधा दुधाची आठवण झाली असावी.

ती जाऊन आता नऊ वर्षं झाली. लग्नातले फोटो आहेत, मुलीच्या बारशातले आहेत, पण त्यांत ती नटूनथटून बसलेली आहे. रोज जशी होती तशी या सात चौकटींच्या कडेलाच आहे. सरस्वतीबाईंच्या चादरीची गोष्ट मी कितीदा लोकांना कौतुकानं सांगितली असेल. माझ्या घरातलं कापड कुणी धरलं होतं, हे मात्र मला चाळीसेक वर्षांनी दिसलं.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली, जुन्या ट्रंकेत असा डबा असेल. तो भंगारात देऊ नका. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते. साध्या कागदाच्या पाकिटांत, कोरड्या जागी ठेवा. डबा उघडल्यावर शिरक्यासारखा आंबूस वास आला तर समजा की फिल्म खराब व्हायला लागली आहे. तिची प्रत लगेच करून घ्या. प्रत करताना पूर्ण चौकटीची करा, कडा कापू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा. कोण, कुठं, कोणत्या साली. ज्यांना आठवतं ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. फुलाचं नाव नाही कळलं तरी चालेल, पण कुंडीमागचं शेत कुणाचं होतं, दोरीवर कापड कुणी लावलं होतं, ते लिहून ठेवा.

आम्ही सध्या भाड्याच्या जागेत आहोत. गॅलरी नाही, खिडकीच्या जाळीत चारच कुंड्या मावल्या. मोगरा आणला आहे. बैठकीतली जुनी प्रत उतरवली आणि त्याच निगेटिव्हवरून नवी करून घेतली. या वेळी कडा न कापता, बोटांसकट.